उपनगरातून टिपलेली दीर्घिका: आधी आकाश नीट वजा करा

प्रश्न थोडक्यात असा. उजळ उपनगरात घरूनच एम ५१ या सर्पिल दीर्घिकेचे एकेक मिनिटाचे २४० फोटो घेतलेत, म्हणजे ४ तास. कॅमेरा रंगीत, दुर्बीण न्यूटोनियन, म्हणजे आरशाची. स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून एकच केल्यावर, चित्रावर तपकिरी-नारिंगी पडदा दिसतो, एका कोपऱ्यात जास्तच. स्ट्रेच केला, म्हणजे अंधूक भाग उजळवला, की गाभा पांढराफटक होतो आणि भुजा बुडतात. भुजा वर काढायला गेलं की पार्श्वभूमीवर हिरवे-जांभळे चट्टे उमटतात. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं?

सॉफ्टवेअरचं सांगतोच, पण आधी पाच मिनिटं गणित करू. ते एकदा डोक्यात बसलं की कुठे घाम गाळायचा आणि कुठे नाही हे आपोआप कळतं.

खऱ्या अंधाऱ्या जागी आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस आर्कसेकंदाला (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) २२ प्रतीच्या आसपास असते. प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं अंधूक. उजळ उपनगरात ती १९ पर्यंत येते. ३ प्रतींचा फरक म्हणजे सुमारे १६ पट उजेड. एम ५१च्या आतल्या भुजा बऱ्यापैकी उजळ आहेत, पण बाहेरच्या कडा आणि जोडीदार एनजीसी ५१९५भोवती पसरलेला धूसर पिसारा २४ प्रतीचा किंवा त्याहूनही अंधूक. १९ आणि २४ मध्ये ५ प्रती, म्हणजे बरोबर १०० पट. त्या जागेवरच्या पिक्सेलवर आकाशाचे १०० फोटॉन पडतात तेव्हा कुठे दीर्घिकेचा एक पडतो.

आता समजा एका फ्रेममध्ये, म्हणजे एका फोटोत, आकाशाच्या फोटॉनांनी एका पिक्सेलला ४०० इलेक्ट्रॉन दिले. त्यांचा नैसर्गिक चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे २०. पिसाऱ्याचे इलेक्ट्रॉन फक्त ४. एका फ्रेममध्ये ते दिसणं शक्यच नाही. २४० फ्रेम एकत्र केल्या की आकाशाचे ९६,००० होतात, चढउतार साधारण ३१०, आणि पिसाऱ्याचे ९६०. सिग्नल (पिसाऱ्याचा प्रकाश) नॉईजच्या (या चढउताराच्या) तिप्पट झाला. म्हणजे तो आहे, जेमतेम आहे, पण आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. आकाशाचे ९६,००० वजा करता येतात, पण त्यांच्यामुळे आलेला ३१०चा चढउतार वजा होत नाही. तो तिथेच राहतो. ग्रेडियंट, म्हणजे आकाशाच्या उजेडाचा चढउतरता उतार, काढणारं कोणतंही साधन तुम्हाला अंधारं आकाश देत नाही, फक्त सपाट आकाश देतं. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: ९६,०००च्या १ टक्का म्हणजे ९६०. तुमच्या फ्लॅटमध्ये (दुर्बिणीचा असमान उजेड दुरुस्त करायला एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा घेतलेला फोटो) किंवा ग्रेडियंटच्या मॉडेलमध्ये एक टक्क्याची चूक झाली, तर ती अख्ख्या पिसाऱ्याएवढी असते. अंधाऱ्या आकाशाखाली हीच चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून उपनगरातल्या माणसाचं खरं काम ‘दीर्घिका वर काढणं’ नसून ‘आकाश अचूक वजा करणं’ हे आहे.

४ तासांत एम ५१च्या आतल्या भुजा स्वच्छ दिसायलाच हव्यात. तुमच्या त्या बुडताहेत, म्हणजे डेटा कमी आहे असं नाही, मधल्या पायऱ्यांत कुठेतरी त्या खाल्ल्या जाताहेत. माझा पहिला संशय फ्लॅटवर.

रंगाच्या पडद्याची काळजी करू नका, तो सगळ्यांनाच दिसतो आणि जातोही. कोपरा मात्र बघा. दिव्यांचा उजेड आकाशात मिसळतो, तो बेरजेचा मामला आहे, म्हणून तो वजाबाकीने काढायचा. दुर्बिणीच्या कडांना कमी प्रकाश मिळणं, सेन्सरवरच्या धुळीची कडी, हा गुणाकाराचा मामला, तो भागाकारानेच जातो, म्हणजे फ्लॅटने. गुणाकाराची चूक वजाबाकीने झाकायला गेलात तर आकाश सपाट दिसेल, पण त्याखालची दीर्घिका वेडीवाकडीच राहील.

फ्लॅट घेतले असूनही कडा नीट होत नसतील तर ऑफसेट तपासा. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलमध्ये स्वतःचा एक ठरावीक आकडा मिसळतो, तो प्रकाश नव्हे. मूळ फोटोंमधून तो काढला नाही आणि फ्लॅटने भागलं, तर कोपरे गरजेपेक्षा उजळ होतात. उलट फ्लॅटमधून तो काढायचा राहिला, तर दुरुस्ती अपुरी पडते आणि कोपरे काळेच राहतात. नुसते कोपरे बघून कुठे चुकलं ते सांगता येतं. मूळ फोटोंसाठी त्याच तापमानाचे, त्याच एक्सपोजरचे डार्क (झाकण लावून घेतलेले फोटो); फ्लॅटसाठी बायस (झाकण लावून, सर्वांत छोट्या एक्सपोजरचे) किंवा फ्लॅट-डार्क (झाकण लावून, फ्लॅटच्याच एक्सपोजरचे). फ्लॅट २५-३० पुरेत, हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) मधोमध ठेवून, आणि फोकस किंवा कॅमेऱ्याचा कोन हलवण्याआधी. एलईडी पॅनल वापरत असाल तर एक्सपोजर एक-दोन सेकंदांचं ठेवा. फार छोट्या एक्सपोजरमध्ये पॅनलची लुकलुक पट्ट्यांच्या रूपात फ्लॅटमध्ये उतरते.

हे सगळं बरोबर असूनही एक कोपरा तापलेला राहू शकतो. माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. एक अख्खा मोसम माझ्या प्रत्येक स्टॅकमध्ये खालचा उजवा कोपरा तांबूस यायचा. मी सॉफ्टवेअर बदललं, फ्लॅट चार पद्धतींनी घेतले, रात्ररात्र ग्रेडियंटचे नमुने हलवत बसलो. शेवटी एका रात्री दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावून एक मिनिटाची फ्रेम घेतली, आणि झाकण असूनही कोपरा तांबूसच! न्यूटोनियनच्या नळीचा मागचा भाग, आरशाच्या बाजूचा, उघडा असतो. शेजारचा एक दिवा तिथून आत शिरत होता. मागे काळं कापड बांधलं आणि तो कोपरा कायमचा गेला. असा चोरटा प्रकाश फ्लॅटने सुटत नाही, कारण फ्लॅट घेताना तो दिवा त्या जागी नसतो. तुमचीही दुर्बीण न्यूटोनियनच आहे, तेव्हा आज रात्री आधी ही झाकणाची चाचणी करा. डीएसएलआर असेल तर मागची नजर लावायची खिडकीसुद्धा झाका, तिथूनही प्रकाश शिरतो. आणि पुढे लांब काळी बाही लावा.

स्टॅकिंगमध्ये फार वेळ घालवत नाही. डीपस्कायस्टॅकर, सिरिल, पिक्सइनसाइट, कशानेही करा. विमानं आणि उपग्रहांच्या रेषा काढायला सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमपेक्षा फारच वेगळे आकडे टाकून देणं) असतंच, आणि २४० फ्रेम हातात असल्या की ते उत्तम चालतं. शूटिंगच्या वेळी दर काही फ्रेमनंतर माउंट (दुर्बिणीची बैठक) थोडं सरकवलं होतं का, म्हणजे डिदरिंग? नसेल तर पार्श्वभूमीत तिरके ओरखडे दिसतील, पावसाच्या सरींसारखे. ते नंतर कशानेही नीट जात नाहीत. पुढच्या वेळी करा.

इथे एक युक्ती मात्र कामाची. दीर्घिका रात्रभर आकाशात सरकते, तसा शहराकडचा उजेडही फ्रेममध्ये दिशा बदलत जातो. प्रत्येक फ्रेमचा उतार वेगळा असतो, साधा आणि सरळ. २४० सरळ उतार एकत्र झाले की त्यांतून एक वाकडातिकडा पृष्ठभाग तयार होतो, आणि तो काढणं अवघड जातं. म्हणून सिरिलमध्ये कॅलिब्रेट केलेल्या फ्रेमच्या पूर्ण मालिकेवर पहिल्या घाताचा, म्हणजे नुसता सरळ उतार काढणारा, बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन आधी चालवा. त्यापेक्षा वरचा घात सुट्या फ्रेमवर कधीच नको. एका फ्रेममध्ये नॉईज इतका असतो की मॉडेल भलतीकडेच वळतं. मग नॉर्मलायझेशनसह, म्हणजे सगळ्या फ्रेमची पातळी जुळवून, स्टॅक करा. दीर्घिका क्षितिजाजवळ असतानाच्या फ्रेम सरळ फेकून द्या किंवा त्यांचं वजन कमी ठेवा. ३० अंश उंचीवर आपण डोक्यावरच्या दुप्पट हवेतून बघत असतो, आणि शहराचा उजेडही तिथेच दाट.

आता मुख्य पायरी. स्टॅक लिनिअर असतानाच, म्हणजे कोणताही स्ट्रेच कायम करण्याआधी, उरलेला ग्रेडियंट काढायचा. स्क्रीनवर दिसण्यापुरता ऑटोस्ट्रेच लावा, आकडे बदलू नका. सिरिलचं आरबीएफ (ठिपक्यांमधून लवचीक पृष्ठभाग बसवणारी पद्धत) किंवा ग्रॅक्सपर्ट, दोन्ही फुकट आहेत, दोन्ही चांगली आहेत. नमुन्याचे ठिपके, म्हणजे जिथे नुसतं आकाश आहे असं मानायचं त्या जागा, सॉफ्टवेअरला आपोआप टाकू द्या आणि मग हाताने निवडून काढा. नवशिके इथेच घसरतात. सॉफ्टवेअरला एम ५१ची दिसणारी कड म्हणजे दीर्घिका संपली असं वाटतं, आणि ठिपका त्या कडेला खेटून पडतो. तो ठिपका म्हणतो, ‘इथे आकाश आहे’. प्रत्यक्षात तिथे तो ९६० इलेक्ट्रॉनांचा पिसारा आहे. तो आकाश समजून वजा होतो.

दीर्घिकेभोवती तिच्या दिसणाऱ्या आकाराच्या निदान दीडपट मोकळं वर्तुळ सोडा. मोठ्या ताऱ्यांच्या प्रभेवरचे ठिपकेही काढा. ठिपके थोडे ठेवा. चौकटीत १५-२० विचारपूर्वक ठेवलेले ठिपके २०० आपोआप पडलेल्यांपेक्षा बरे. एम ३१ सारखी ३ अंश लांबीची दीर्घिका चौकट भरून बसली असेल तर ठिपक्यांना जागाच उरत नाही. तिथे पहिल्या किंवा दुसऱ्या घाताच्या पुढे जाऊ नका, थोडा उतार राहिला तरी चालेल.

मग दोन गोष्टी तपासा. पहिली, वजा केलेलं मॉडेल स्वतंत्र उघडून बघा. ग्रॅक्सपर्टमध्ये ते जतन करता येतं. त्यात नुसते मंद, लांबरुंद उतार दिसायला हवेत. मधोमध दीर्घिकेच्या आकाराचा पुसटसा फुगवटा दिसला, तर समजा तुमची दीर्घिका त्या फायलीत गेली. दुसरी, उरलेलं चित्र उलटं करा, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. स्ट्रेच अगदी टोकाला न्या आणि चित्र पाव आकाराचं करून दोन पावलं मागे सरकून बघा. दीर्घिकेभोवती खळगा पडला असेल तर उलट्या चित्रात तो फिकट कड्यासारखा चटकन दिसतो. सरळ चित्रात तोच खळगा ‘छान काळं आकाश’ वाटतो, म्हणून फसायला होतं. मी अजूनही प्रत्येक चित्र असं उलटं करून बघतो, आणि तीनातल्या एकदा तरी मागे जाऊन ठिपके हलवावे लागतात.

ग्रॅक्सपर्टचा एआय पर्याय ठिपक्यांशिवाय काम करतो आणि बहुतेक वेळा चांगलं करतो. तरी त्याच्याही मॉडेलची हीच तपासणी करा. स्मूदिंग वाढवत नेलं की तो दीर्घिकेला कमी हात लावतो.

रंगाचा प्रश्न आता निम्मा सुटलेला असतो. फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन वापरा. ते चौकटीतले तारे कॅटलॉगमध्ये ओळखतं आणि त्यांच्या मोजलेल्या रंगांवरून तुमचे तीन रंग जुळवतं. डोळ्यांनी रंग जुळवणं उपनगरात नको, कारण आपला डोळा आधीच त्या नारिंगी पडद्याला सरावलेला असतो. पार्श्वभूमी तटस्थ करण्यासाठी जो चौकोन निवडाल तोही दीर्घिकेपासून दूरचा हवा. झाल्यावर एनजीसी ५१९५ बघा: तो म्हाताऱ्या ताऱ्यांचा, पिवळसर दिसायला हवा. एम ५१चा गाभाही पिवळसर, भुजा निळसर, त्यांच्यावर गुलाबी ठिपके. जोडीदारच हिरवट दिसत असेल तर स्ट्रेचकडे वळू नका, मागे जा. हिरवे-जांभळे चट्टे बहुतेक वेळा इथूनच येतात: तिन्ही रंगांचे ग्रेडियंट वेगवेगळे उरलेले असतात आणि सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवलं की ते ओरडायला लागतात.

आता फिल्टर, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा प्रकाश, सगळ्या रंगांत सलग पसरलेला. पांढऱ्या एलईडीचा प्रकाशही सलग. फिल्टरने एकाला अडवून दुसऱ्याला सोडणं जमत नाही. जुने सोडियमचे दिवे ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच बहुतेक उजेड ओततात, तिथे रुंद पट्ट्याचा फिल्टर थोडीफार मदत करतो, मात्र रंगांचा तोल बिघडवून. ड्युअल बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे सोडणारा) तेजोमेघांसाठी अप्रतिम, दीर्घिकांसाठी नाही. त्याचा एकच उपयोग: हायड्रोजन-अल्फाच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या रेषेत भुजांवरचे गुलाबी ठिपके वेगळे टिपून लाल रंगात हलक्या हाताने मिसळणं. एम ५१, एम ३३, एम १०१ यांना ते शोभतं. एम ८२च्या मधून निघणारे लाल धुमारे तर त्याशिवाय नीट उठतच नाहीत.

नॉईज कमी करायचा तो स्ट्रेचच्या आधी किंवा लगेच नंतर, आणि अर्धाच. त्याआधी पिक्सेलचा हिशेब करा. तुमचा पिक्सेल ०.८ आर्कसेकंदांचा आणि तारे ३ आर्कसेकंद रुंद असतील, तर तुम्ही तपशिलाविना पिक्सेल बाळगताय. दोन बाय दोन बिन करा. चार पिक्सेलांचा एक होतो, सिग्नल चौपट, नॉईज दुप्पट. वरच्या उदाहरणातलं तिप्पट एका झटक्यात सहापट होतं, तेही एक नवा फोटो न काढता. चित्र लहान होतं याचं लोकांना वाईट वाटतं. मला कधी वाटलं नाही.

डीकन्व्होल्यूशन (गणिताने धूसरपणा कमी करणं) आणि एआयने धार लावणारी साधनं फक्त जिथे सिग्नल भक्कम आहे तिथे, म्हणजे गाभा आणि आतल्या भुजांवर, मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून. अंधूक भागात ही साधनं नॉईजलाच आकार देतात. किड्यांसारखी वळवळ दिसली, किंवा कुठे नसलेले धुळीचे पट्टे उगवले, की समजावं. एम ५१ची व्यावसायिक वेधशाळांची चित्रं सहज मिळतात. शेजारी उघडून आपल्या प्रत्येक गाठीला तिकडे जोड आहे का ते बघा. नसेल ती गाठ तुमची नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

१८४५ मध्ये लॉर्ड रॉस यांनी आयर्लंडमधल्या बर कॅसलच्या ७२ इंची दुर्बिणीतून याच दीर्घिकेचं सर्पिल रूप पहिल्यांदा ओळखलं आणि हाताने रेखाटलं. डोळ्यांनी! त्यांच्या आकाशात विजेचे दिवे नव्हते हे खरं, पण तुमच्या स्टॅकमध्ये त्यांच्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे लक्षात ठेवून स्ट्रेचकडे वळा.

तिथे तुमची दुसरी चूक असावी असा माझा अंदाज आहे. उपनगरातला माणूस ग्रेडियंट लपवण्यासाठी काळा बिंदू, म्हणजे जिच्याखालचं सगळं काळं होतं ती पातळी, वर ओढतो. आकाश काळंकुळकुळीत होतं, पडदा जातो, आणि त्याबरोबर भुजांच्या बाहेरच्या कडाही जातात. पार्श्वभूमी २५५ पैकी २५ ते ३० वर राहू द्या. गडद राखाडी, काळी नाही. हिस्टोग्रामचा डावा पायथा कापला जाता कामा नये. आधी आर्कसाइनएच स्ट्रेच द्या; तो ताऱ्यांचे आणि गाभ्याचे रंग जपतो. मग जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच, त्याचा केंद्रबिंदू पार्श्वभूमीच्या किंचित वर, जिथे पिसारा सुरू होतो तिथे. एका दमात नको, चार-पाच हलके हात फिरवा. गाभा पांढरा होऊ लागला की उजळ भागाला संरक्षण देणारा स्लायडर खाली आणा. तरीही गाभा जळालाच तर लिनिअर स्टॅकची एक सौम्य स्ट्रेच केलेली प्रत घेऊन मास्कमधून तेवढाच भाग त्यावर बसवा. एका मिनिटाच्या फ्रेममध्ये एम ५१चा गाभा सहसा मूळ डेटात जळालेला नसतो, तो स्ट्रेचमध्ये जळतो.

तारे स्टारनेटने वेगळे काढून दीर्घिका एकटी स्ट्रेच केली तर काम सोपं होतं. फक्त ताऱ्यांबरोबर भुजांवरचे ठसठशीत गुलाबी ठिपके निघून गेले नाहीत ना, हे ताऱ्यांच्या फायलीत बघा. सॅच्युरेशन शेवटी, आणि पार्श्वभूमी मास्कने झाकून.

राहिला प्रश्न आणखी किती तास घ्यायचे याचा. सिग्नल-नॉईज दुप्पट हवा तर ४चे १६ तास लागतील. एकेका फ्रेमचं एक्सपोजर वाढवून काही मिळणार नाही. तुमच्या आकाशात एका मिनिटातच आकाशाचा नॉईज कॅमेऱ्याच्या नॉईजला गिळून टाकतो. अंधाऱ्या जागी जाऊन काढलेला १ तास तुमच्या घरच्या १६ तासांच्या तोडीचा, तेव्हा वर्षातून एखादी अमावस्या तिकडे काढता आली तर काढाच. पण घरचे तासही साठत जातात. सप्तर्षीच्या शेपटीचा शेवटचा तारा मरीची, त्याच्याजवळच एम ५१ असते आणि दर वसंतात वर येते. तीच दुर्बीण, तोच कॅमेरा असेल तर यंदाचे ४ तास आणि पुढच्या वर्षीचे १२ एकाच स्टॅकमध्ये बसतात. फक्त त्या त्या रात्रीचे फ्लॅट त्या त्या रात्रीच्या फोटोंना लावा, आणि मूळ फ्रेम पुसू नका.